डोमाजीभाऊंची उशिराची रोवणी

डोमाजीभाऊ शिवणकर कुणालाही रामराम करण्याआधी त्याचं मनगट दाबून बघत. वैद्य नाडी बघतो तसं नव्हे. धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, उतरलेला शेतकरी धानाचं खोड अंगठा आणि दोन बोटांत धरून हलकेच दाबतो, आत दाण्यांची लोंब धरली की नाही हे बघायला, तसं. दाबून झालं की ते डोळे मिटत, मान हलवत आणि त्या माणसाच्या तोंडावर निकाल सांगत.

"पोटरीत आला गा तू. आता दोन महिने कोनाशी भांडू नोको."

हे एखाद्या सोळा वर्षांच्या पोराला सांगितलं असतं तर समजण्यासारखं होतं. पण एकदा त्यांनी सत्तरीच्या सरपंचांचं मनगट भर चावडीत दाबलं आणि जाहीर केलं, "तुमी अजून पऱ्ह्यातच आहा जी." पऱ्हे म्हणजे वाफ्यात टाकलेली, रोवणी म्हणजे लावणी व्हायची बाकी असलेली धानाची कोवळी रोपं. सरपंच आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. डोमाजीभाऊ म्हणाले, "पाहा, रुसला. पऱ्ह्याचं लक्षन."

त्यांचा सिद्धान्त असा होता की माणूस हे एक धान आहे. आधी तो आईच्या वाफ्यात दाटीवाटीने हिरवा होतो. मग त्याला उपटून दुसऱ्या चिखलात लावतात. तिथे तो चार दिवस पिवळा पडतो आणि मग मूळ धरतो. मग फुटवे येतात. एका काडीच्या दहा काड्या होतात. खोड्या, भांडणं, सोबती, झाडावरून पडणं, हे सगळे फुटवे. त्यानंतर पोटरी, आतल्या आत काहीतरी भरत असतं आणि माणूस उगीच चिडका होतो. मग लोंब बाहेर येते आणि तो मिरवतो. दाणा भरला की मान आपोआप खाली जाते. "ज्याची मान साठीतही वर, त्याच्या लोंबात पोचट," असं ते म्हणत आणि सरपंचांच्या घराकडे बघत.

मी त्या गावी मिडल स्कूलचा मास्तर म्हणून गेलो तेव्हा स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली होती. आमचा सगळा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. सौंदड स्टेशनावर उतरायचं आणि तीन मैल बांधाबांधाने चालत जायचं. मी सालेकशाकडचा. माझे वडील जंगलात तेंदूची पानं आणि मोहाची फुलं वेचत. आमच्या घराण्यात सही करणारा मी पहिला, आणि नागपूरला जाऊन बी. ए., बी. टी. झालेलाही पहिलाच. ज्यांनी ज्यांनी मला शिकवलं, जेवू घातलं, त्यांचे उपकार मी आजही विसरलेलो नाही. पण त्या वयात माझ्या उपकृत मनात थोडा ताठाही होता, हे कबूल केलं पाहिजे.

पहिल्याच पालकसभेत मी भाषण केलं. विषय घेतला 'व्यक्तिमत्त्वाच्या विकासाच्या अवस्था'. नागपूरच्या वह्या समोर ठेवून शैशव, बाल्य, कौमार्य असं सगळं समजावून सांगितलं. शेवटी म्हणालो, "पालकहो, माणसाचा पाया लहानपणीच पडतो. जी अवस्था हुकली, ती जन्मभरासाठी हुकली. पुढे काही करता येत नाही."

मागून आवाज आला, "थांबा मास्तर. हे कोन सांगतलं?"

"विलायतेतल्या मोठ्या विद्वानांनी."

"त्यायच्याकडे धान होते का?"

मी विचार करून म्हणालो, "नसावं. गहू होत असेल."

"मंग बरोबर," डोमाजीभाऊ खाली बसत म्हणाले. "गहू जेथी पेरला तेथीच वाढते. त्याले रोवनी नाई. तो विद्वान आपल्या बांधीत एक डाव पाय ओले करून गेला असता, त असा नाई बोलला असता."

सभा हसली. मी वहीत नोंद केली : 'एक पालक, अशिक्षित परंतु जिज्ञासू.' ते पालकही नव्हते, हे मला नंतर कळलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. शाळेच्या मैदानाला लागून त्यांची बांधी होती, एवढाच त्यांचा शाळेशी संबंध. संध्याकाळी पोरं हुतूतू खेळत तेव्हा कथलाची शिट्टी तोंडात धरून तेच पंच म्हणून उभे राहत. वीस वर्षं गावातल्या प्रत्येक पोराला त्यांनी बाद केलेलं होतं.

माझी अडचण वेगळीच होती. माझा सहावीचा वर्ग बोलत नसे. दंगा करणाऱ्या वर्गाला काय करायचं हे पुस्तकात दिलेलं होतं. न बोलणाऱ्या वर्गाला काय करायचं हे कुठेच नव्हतं. मी आत गेलो की बत्तीस पोरं उभी राहत, बसत, आणि मग पाऊण तास माझ्याकडे बघत. प्रश्न विचारला की खाली बघत. मी शुद्ध, स्पष्ट, तळमळीने शिकवायचो. वर्ग भिंतीसारखा ऐकायचा.

श्रावणात डेप्युटीसाहेब तपासणीला आले. माझी नेमणूक कच्ची होती. पक्की करायची की नाही हे त्यांच्या शेऱ्यावर होतं. त्यांनी पोरांना पृथ्वीचा आकार विचारला. शांतता. गावची नदी विचारली. शांतता. शेवटी चष्मा काढून हसत म्हणाले, "बरं, तुमच्या या गुरुजींचं नाव तरी सांगा." बत्तीस माना खाली गेल्या.

साहेबांनी शेरा लिहिला : 'वर्ग मृतवत. दिवाळीनंतर पुन्हा पाहून निर्णय.'

एवढ्यावर भागलं नाही. साहेब बाहेर पडले तर फाटकात डोमाजीभाऊ. त्यांनी रामराम म्हणून साहेबांचा हात धरला आणि मनगट दाबलं. मी दुरून हातवारे करत होतो. डोमाजीभाऊंनी डोळे मिटले.

"लोंब आली सायेब. पन दाना भरला नाई अजून."

साहेबांनी हात सोडवून घेतला आणि ते आपल्या दमणीत, छोट्या बैलगाडीत, जाऊन बसले.

त्या संध्याकाळी मी मैदानाच्या कडेला बसलो होतो. नोकरी गेली तर गावी परत जावं लागणार होतं, आणि आमच्या गावात मला लहानपणापासून 'सायेब' म्हणत. सायेब परत आला, तर वडिलांनी जंगलात कुणाला तोंड दाखवायचं? डोमाजीभाऊ येऊन शेजारी बसले. न विचारता त्यांनी माझं मनगट हातात घेतलं. बराच वेळ सोडलं नाही.

"मास्तर, लहानपनी काय खेळले?"

"काही नाही."

"काहीच नाई?"

मग मी सांगितलं. मला अक्षरं येतात हे गावाला कळलं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. तेव्हापासून गावातलं प्रत्येक पत्र मी वाचायचो, प्रत्येक अर्ज मी लिहायचो. पोरं आट्यापाट्या खेळत तेव्हा वडील मला आत बोलावत. 'पाय मोडला त शाळेत कोन जाईल?' झाडावर चढायचं नाही, नदीत उतरायचं नाही. त्यांची माया होती ती. मला त्याबद्दल तक्रार नाही.

डोमाजीभाऊ हळू आवाजात म्हणाले, "तुमचा वर्ग मेला नाई जी. पोरं तुमाले म्हातारा समजून राह्यले. म्हाताऱ्यापुढं पोरं गपच राह्यतेत. तुमचा फुटवाच राह्यला. रोवनीपासून एकदम लोंब."

"आता काय उपयोग?" मी म्हणालो. "सव्वीस वर्षांचा झालो. अवस्था हुकली ती हुकली."

"ते गव्हाचं झालं," ते उठत म्हणाले. "चला."

त्यांनी मला बांधीच्या टोकाला नेलं. तिथे पाणी उशिरा पोचायचं, म्हणून त्या तुकड्यात रोवणीही उशिरा झाली होती. तोवर वाफ्यातले पऱ्हे जुने होऊन गेले होते. पण धान चांगलं हिरवंगार उभं होतं.

"पऱ्हे जून झाले म्हनून फेकत नाई कोनी," डोमाजीभाऊ म्हणाले. "रोवाची रीत बदलते. कोवळे असले त दोन-दोन काड्या लावाच्या, दूर दूर. जून झाले त पाच-सहा मिळून एका जागी लावाचे, अन् जवळ जवळ. एकटा जून पऱ्हा लावला त मरत नाई तो. पन फुटत नाई. जल्मभर एक काडीचा एक काडी राह्यते. उभा."

'उभा' हा शब्द त्यांनी असा काही उच्चारला की मी त्यांच्याकडे बघितलं. पण ते वाकून गवत उपटायला लागले होते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्यासाठी सोबतीचे जून पऱ्हे शोधायला सुरुवात केली. गावात हुतूतू चार-चार गड्यांचा चाले, म्हणजे आणखी तिघं हवे होते. पहिला सापडला शंभू टेलर. हा गोंदियाचा, बाजारपेठेतला, हिंदी बोलणारा. डोमाजीभाऊंनी त्याचं मनगट दाबलं आणि विचारलं तेव्हा तो म्हणाला, "अरे भैया, सात साल की उमर से मशीन पे बैठा हूँ. पैर चलते हैं, लेकिन कहीं जाते नहीं." दुसरे गणपतबुवा, महादेवाच्या देवळातले पुजारी. मूळचे नागऱ्याचे. पाचव्या वर्षापासून सोवळ्यात वाढलेले. पोरांनी शिवू नये आणि यांनी पोरांना शिवू नये, असं बालपण. चौथा म्हणून कोतवालाने यायचं कबूल केलं. तो कबूल सगळ्यालाच करत असे.

आश्विनात बांध्यांना काम कमी असतं. रोज संध्याकाळी आम्ही मैदानात उतरू लागलो. बी. ए., बी. टी. झालेला मी धोतराचा काचा मारून 'हुतूतूतू' म्हणत धावतोय, हे दृश्य मला स्वतःलाच सहन होत नव्हतं. दहा पावलांत दम तुटायचा. गणपतबुवा समोरच्याला हात लावायच्या ऐवजी "सरक, सरक" म्हणत जायचे, आणि पहिल्या दिवशी त्यांनी तीनदा अंघोळ केली. दुसऱ्या दिवशी दोनदा. चौथ्या दिवशी मातीने माखलेले तसेच घरी गेले आणि बायकोचं बोलणं खाल्लं. शंभू मात्र उपजत खेळाडू निघाला. माणसाकडे नुसतं बघून त्याला माप कळायचं. "इसकी कमर छब्बीस है, दोनों हाथ में आ जाएगा," असं म्हणून तो पकड घालायचा आणि ती सुटायची नाही.

डोमाजीभाऊ रेघेवर उभे राहून शिट्टी वाजवत आणि ओरडत. "मास्तर, पाय उचला! भाषन नाई देऊन राह्यले तुमी!"

सहावीची पोरं आधी कुंपणाआडून बघत. मग कुंपणावर बसून बघू लागली. मग हसू लागली. एक दिवस एक बारकं पोर माझ्या अंगावर ओरडलं, "गुरुजी, खाली वाका नं, खाली!" आणि स्वतःच घाबरून पळालं. तीन महिन्यांत त्या वर्गाने माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

त्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, सुट्टी संपायच्या दिवशी भरायची. दुसऱ्याच दिवशी डेप्युटीसाहेब येणार असल्याचं पत्र आलेलं होतं. मंडईत दंडार म्हणजे नाचगाण्याचा खेळ असतो, मिठाईची दुकानं लागतात, लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात. सगळं गाव मैदानाभोवती जमलेलं, आणि सहावीच्या पोरांनी आम्हाला आव्हान दिलेलं. ती त्यांच्यातली थोराड चार पोरं, आणि आम्ही तिघं. कोतवाल नव्हता. तो कोंबड्यांच्या झुंजीला गेला होता.

"चौथा कोन? चौथा कोन?" पोरं टाळ्या पिटत ओरडू लागली.

मी डोमाजीभाऊंकडे गेलो. "भाऊ, या."

"मी पंच होय जी."

"पंच दुसरा होईल."

"माह्या बांधावरच ठीक आहे. मी तन निंदनारा मानूस."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसाने गावातल्या प्रत्येकाची अवस्था सांगितली होती, पण स्वतःची कधीच सांगितली नव्हती. मी पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं. ते ओढून घेऊ लागले. लाकडासारखं टणक मनगट होतं. मला त्यातलं काहीसुद्धा कळत नव्हतं. पण मी अंगठ्याने दाबलं, डोळे मिटले, मान हलवली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "फुटवा राहिला आहे जी!"

मैदान हसण्याने दुमदुमलं. डोमाजीभाऊ हसले नाहीत. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली, जवळच्या एका म्हाताऱ्याच्या हातात दिली, आणि खाली वाकून काचा मारू लागले. त्यांना तो नीट मारता येईना. शंभूने पुढे होऊन खोचून दिला.

खेळाचं काय सांगू! मी चढाईला गेलो, एकाला शिवलो आणि परत येताना रेघेच्या वितभर अलीकडे दोघांनी माझे पाय धरून मला आडवा केला. माझ्याच विद्यार्थ्यांनी! सगळा वर्ग किंचाळत होता आणि माझ्या तोंडात माती होती. गणपतबुवांनी एकाची मांडी अशी धरली की सोड म्हटलं तरी सोडेनात. पण आम्ही हरत चाललो होतो. शेवटी डोमाजीभाऊ एकटेच उरले आणि समोर तीन पोरं.

ते गेले. वीस वर्षं दुसऱ्यांचा दम मोजणाऱ्या माणसाचा दम कसा असेल! 'हुतूतूतू' चा तो घुमणारा आवाज मंडईच्या ढोलकीवर चढला. पोरांनी त्यांना घेरलं. एकाने कंबर धरली, एकाने पाय, एक पाठीवर बसला. डोमाजीभाऊ थांबले नाहीत. चिखलणीचा बैल पाटा ओढतो तसे ते तिघांना घेऊन रेघेकडे सरकत होते, एकेक पाऊल. धोतर टर्र फाटलं. गुडघ्यावर पडले, पुन्हा उठले, पुन्हा पडले, आणि हात लांब करून त्यांनी रेघ गाठली. दम तोपर्यंत चालूच होता. रेघ गाठल्यावरही चालू होता. तोंड मातीत आणि 'तूतूतू' चालूच. आम्ही उचलल्यावर थांबला.

आम्ही जिंकलो की नाही, याबद्दल गावात अजून दोन मतं आहेत, कारण शिट्टी ज्या म्हाताऱ्याकडे दिली होती तोही नाचत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेप्युटीसाहेब माझ्या वर्गात येऊन मागे बसले. पाठ होता श्वसनाचा. मी फळ्यावर फुप्फुसांची आकृती काढायला वळलो, तोच मागून आवाज आला.

"गुरुजी, काल तुमचा दम तुटला अन् डोमाजीबाबाचा नाई तुटला. असा काऊन?"

मी उत्तर द्यायच्या आत दुसरा उठला. "गुरुजी तोंडानं हवा घेऊन राह्यले होते!" तिसरा म्हणाला, "नाई, गुरुजी घाबरले होते!" मग एकच गिल्ला. कोणी छाती फुगवून दाखवली, कोणी शेजाऱ्याच्या पोटावर हात ठेवून मोजू लागला. साहेबांनी एक प्रश्न विचारला तर बारा जणांनी एकदम उत्तर दिलं, आणि त्यातली नऊ उत्तरं बरोबर होती. पाऊण तासात मी चार वाक्यंसुद्धा बोललो नसेन. इतका चांगला पाठ मी त्यानंतर पुष्कळदा दिला, पण तो पहिला.

साहेबांनी शेरा लिहिला : 'वर्ग सजीव. नेमणूक कायम करावी.' दमणीत बसताना त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "ते मनगट बघणारे गृहस्थ आज नाहीत वाटतं?"

शाळा सुटल्यावर मी धावतच डोमाजीभाऊंच्या घरी गेलो. ही बातमी आधी त्यांना सांगायची होती. वडिलांना पत्रसुद्धा नंतर. पण फाटकातच त्यांच्या पत्नी पार्वतीकाकूंनी मला हाताने थांबवलं.

अंगणात डोमाजीभाऊ खांबाला धरून उभे होते. मान खाली. गुडघा फुटून सुजलेला. त्यांनी आदल्या दिवसापासून तो धोतराखाली लपवून ठेवला होता आणि आत्ता कुठे तो त्यांच्या म्हाताऱ्या आईच्या हाताला लागला होता. आईला डोळ्यांनी कमी दिसायचं. ती वाटीत हळद कालवत होती आणि तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता.

"कोठी उंडारायले गेला होता? आँ? नवं धोतर फाडून आला, अन् सांगत बी नाई! कोन्या पोरायच्या नादी लागला? पाय मोडला असता मंजे? लाज नाई वाटत तुले?"

पार्वतीकाकूंचे डोळे भरले होते. त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "मास्तर, यायचे वडील गेले तवा हे नऊ वरसाचे होते. दुसऱ्या दिवशी सासूबाईनं यायच्या डोक्यावर पागोटं ठेवलं, अन् तवापासून लेकाले 'तुमी' म्हनते, 'जी' म्हनते. घरचा मालक म्हनून. माह्यं लगन होऊन तीस वरसं झाली. यायले 'तू' म्हनताना मी आज पह्यल्यांदा आयकलं."

मला राहवलं नाही. बातमी ओठांवर होती. मी दोन पावलं पुढे गेलो आणि म्हणालो, "भाऊ..."

डोमाजीभाऊंनी मान वर केली नाही. फक्त एक हात मागे करून मला थोपवलं.

"थांबा जी मास्तर," ते अगदी हळू म्हणाले. "मधात नोका बोलू. अजून बोलून राह्यली."